रेड्याचे वेद आणि फाँटची भानगड

"मी सॉफ्टवेअरमध्ये आहे" असं गावाकडे एकदा सांगितलं की दोन कामं जन्मभर गळ्यात पडतात. कुणाचा तरी प्रिंटर चालू करून देणं आणि कुणाला तरी वेबसाईट काढून देणं. पहिल्यातून मी कधीच अंग काढून घेतलंय. दुसऱ्याबद्दल हापिसातले मित्रही विचारत असतात (प्रत्येकाच्या गावाला एक देऊळ, एक शाळा आणि एक उत्साही काका असतोच), म्हणून म्हटलं या वीकांताला त्यावरच लिहावं. पण "उत्तम वेबसाईटसाठी दहा टिपा" छापाचं लिहायला बोटं वळेनात. तसलं जालावर ढिगाने मिळतं. त्याऐवजी मराठी वेबसाईटी कशा जन्मल्या आणि कशा मेल्या ते सांगतो. काय करायचं आणि काय टाळायचं ते त्यातूनच निघेल.

आमचं गाव आळेफाट्याच्या जवळचं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: पुणे-नाशिक रस्ता आणि कल्याण-नगर रस्ता जिथे एकमेकांना कापतात, तो हा फाटा. नाशिकला जाणारे पुणेकर इथे चहा पितात, माळशेज चढून आलेले मुंबईकर मिसळ खातात आणि आम्ही लोक इथे कांदा विकतो. मूळ गाव आळे. तिथे ज्ञानेश्वरांच्या रेड्याची समाधी आहे. पैठणला ज्याच्या तोंडून वेद वदवले असं सांगतात, तोच तो रेडा. हा रेडा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आधी जरा मागे जाऊ. जरा म्हणजे दोन हजार वर्षं.

जुन्नरच्या पश्चिमेला नाणेघाट आहे. कोकणातल्या बंदरांकडून जुन्नरला वर येणारी सातवाहनांच्या काळातली व्यापारी वाट. घाटमाथ्यावर एक दगडी रांजण आहे, त्यात जकातीची नाणी पडायची असं म्हणतात, आणि ट्रेकला गेलेल्या प्रत्येकाने त्याच्या शेजारी उभं राहून फोटो काढलेला असतो. पण खरा ऐवज तिथल्या लेण्यात आहे. नागनिका राणीचा ब्राह्मी लिपीतला लेख. कुठले यज्ञ केले, दक्षिणा किती दिली, गाई किती, घोडे किती, कार्षापण किती, असा चक्क हिशेब आहे तो. त्यातले अंक हे भारतातल्या सर्वांत जुन्या उपलब्ध अंकांपैकी आहेत. शाळेत आपण शून्याचं फार कौतुक करतो, पण आकडे लिहायची आपली जुनी रीत बघायची तर आमच्या तालुक्यात यावं लागतं. (हो, अभिमान आहे. असो.)

गंमत अशी की मधली हजारभर वर्षं हा लेख तिथेच होता, ऊनपाऊस खात होता, आणि कुणालाही वाचता येत नव्हता. ब्राह्मी वाचणारे संपले होते. अक्षरं शाबूत, पण कुठलं चिन्ह म्हणजे कुठला उच्चार हे सांगणारा तक्ताच हरवलेला. तो तक्ता १८३७ मध्ये कोलकात्यात जेम्स प्रिन्सेपने पुन्हा जुळवला आणि नाणेघाटातले आकडे १८७० च्या दशकात पंडित भगवानलाल इंद्रजींनी उलगडले.

म्हणजे मजकूर टिकवणं आणि मजकूर वाचता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मराठी वेबसाईटींचा पहिल्या दहा वर्षांचा इतिहास हा याच भानगडीचा इतिहास आहे.

कॉम्प्युटर अक्षरं साठवत नाही, आकडे साठवतो. कुठला आकडा म्हणजे कुठलं अक्षर हे सगळ्यांनी मिळून ठरवावं लागतं. इंग्रजीसाठी ते १९६० च्या दशकातच आस्की नावाने ठरलं. भारतीय लिपींसाठी आपल्याकडेही ठरलं होतं: इस्की नावाचं प्रमाणक १९८८ मध्ये आलं आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोने ते स्वीकारलं. त्याच १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यातली देवनागरीची मांडणी इस्कीच्याच आधारावर होती. म्हणजे कागदोपत्री सगळा प्रश्न १९९१ मध्येच सुटलेला होता! आपल्या वाटेला मात्र पुढची पंधराएक वर्षं हाल होते.

का? माझं मत असं की दोष छापखान्यांकडे जातो. दोष म्हणण्यापेक्षा त्यांची गरज वेगळी होती. पुण्यामुंबईत डीटीपीचा धंदा जोरात होता, लग्नपत्रिकांपासून दिवाळी अंकांपर्यंत. छापणाऱ्याला कागदावर "क" उमटला की झालं. आत कुठला आकडा साठवलाय याच्याशी कागदाला काय देणंघेणं? त्यामुळे प्रत्येक फाँटवाल्याने आपापली युक्ती काढली. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी चित्रं बसवायची. कॉम्प्युटरला वाटतंय आपण इंग्रजी "के" दाखवतोय, पडद्यावर दिसतोय "क". तेही प्रत्येक कंपनीचं वेगळं. एकाचा "क" दुसऱ्याच्या फाँटमध्ये "झ".

आता आमचा रेडा घ्या. रेडा वेद म्हणाला तेव्हा ऐकणाऱ्यांना निदान वेदच ऐकू आले. २००१ सालच्या कॉम्प्युटरचं उलटं होतं. तोंडाने ज्ञानेश्वरी म्हणायचा आणि पोटात सगळी इंग्रजी अक्षरं, डॉलर आणि स्वल्पविरामांची भेळ :-)

छापखान्यातली हीच युक्ती १९९६-९७ नंतर उचलून जालावर आणली गेली. मायबोली १९९६ मध्ये सुरू झाली. पुढच्या काही वर्षांत मोठी मराठी दैनिकं जालावर आली. प्रत्येक संस्थळावर वर एक ओळ ठरलेली: "मराठी दिसत नसल्यास येथून फाँट उतरवून घ्या." प्रत्येक पेपराचा फाँट वेगळा. आळेफाट्यावर डायलअपवाला सायबर कॅफे होता तेव्हा आम्ही तासाच्या हिशेबाने पैसे मोजून बसायचो, आणि त्यातली पहिली दहा मिनिटं फाँट उतरण्यात जायची. उतरल्यावर कळायचं की कॅफेवाल्याने फाँट टाकायची सोयच बंद करून ठेवली आहे.

यावर उपाय म्हणून डायनॅमिक फाँट आले. १९९७ च्या सुमारास नेटस्केपने आपला एक प्रकार काढला, मायक्रोसॉफ्टने आपला दुसरा. पानाबरोबर फाँट आपोआप येणार, वाचकाने काही करायला नको. कल्पना झकासच होती, आजचे वेबफाँट त्याच जातीचे आहेत. पण खालचा मजकूर तोच भेळवाला. पुढे नेटस्केपने २००० साली सहावी आवृत्ती काढली तेव्हा त्यातून स्वतःच्याच डायनॅमिक फाँटचा आधार काढून टाकला. मायक्रोसॉफ्टच्या प्रकारात वेगळी मेख होती. फाँटची फाईल ठरावीक पत्त्याला बांधता यायची. संस्थळाचं नाव बदललं, किंवा कुणी ती पानं जपायला म्हणून दुसरीकडे हलवली, की फाँट चालायला नकार देणार. आणि जून २०२२ मध्ये इंटरनेट एक्स्प्लोररच निवृत्त झाला.

तात्पर्य, त्या काळातलं एखादं मराठी पान आज तुम्हाला जालसंग्रहात सापडलं, तर पुष्कळदा पान असतं आणि फाँट नसतो. नाणेघाटच!

याच काळात दुसरी एक पळवाट निघाली होती. मजकुराचं चित्रच करून टाकायचं. दिसायला सुरेख, कुठल्याही मशीनवर दिसणार, फाँटची कटकट नाही. फक्त शोधता येत नाही, कॉपी करता येत नाही, दृष्टिहीन माणसाचा वाचक-प्रोग्राम त्यावर मुका होतो, आणि चूक दुरुस्त करायची तर पुन्हा पहिल्यापासून चित्र काढा. ही जुनी गोष्ट म्हणून सांगतोय असं वाटत असेल तर तुमचा गावचा व्हॉट्सॅप ग्रुप उघडून बघा. बाजारभाव, ग्रामसभेची नोटीस, पाणी सुटायच्या तारखा: सगळे फोटो. उद्या "मागच्या वर्षी आवर्तन कधी सुटलं होतं रे?" असं कुणी विचारलं तर शोधणार कसं?

दादाची सीडी इथे येते. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, गावात राहतो, शेती बघतो, आणि गावची वेबसाईट व्हावी हे त्याच्या डोक्यात घेतलेलं. "काय टाकायचं त्यावर?" असं विचारलं तर म्हणाला, "गुरुजींचं आहे ना सगळं." गुरुजी म्हणजे आमच्या गावातले एक निवृत्त शिक्षक. त्यांनी २००१-०२ च्या सुमारास, वयाच्या साठीनंतर टायपिंग शिकून गावची माहिती टंकली होती. विहिरी कुणी कधी खोदल्या, कुठल्या शेताला काय नाव, १९७२ च्या दुष्काळात कुठली कामं निघाली, कुकडीचं पाणी यायच्या आधी कुणाच्या रानात काय पिकायचं. गुरुजी आता नाहीत. त्यांचा कॉम्प्युटर भंगारात गेला. एक सीडी राहिली.

सीडी वाचली गेली हेच नशीब. फाईली उघडल्या तर अपेक्षेप्रमाणे भेळ.

सांगायला आनंद वाटतो की असली भेळ निवडता येते. प्रिन्सेपइतकं अवघड नाही. प्रत्येक चिन्ह म्हणजे कुठलं मराठी अक्षर हे एकदा जुळलं की बाकीचं यंत्राने होतं. आधी फाँट कुठला ते ओळखायचं. फाईलच्या पोटात फाँटचं नाव बहुधा लिहिलेलं सापडतं. नामांकित फाँटांसाठी लोकांनी तयार परिवर्तक लिहून ठेवलेले आहेत. गुरुजींचा फाँट बिनओळखीचा निघाला, त्यामुळे मी तक्ता हाताने केला. एकेका चिन्हाचा तक्ता एका रविवारी झाला. खरी कसरत पुढे. छपाईच्या फाँटमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकतात, कारण ती दिसते डावीकडे. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते, कारण आपण म्हणताना तिथे म्हणतो. म्हणजे "विहीर" मधली वेलांटी उचलून "व" च्या मागे नेऊन ठेवायची. "क्षि" असेल तर जोडाक्षर कुठे संपतं ते बघून ठेवायची. रफार तर त्याच्या नेमका उलट. तो दिसतो शेवटी आणि न्यायचा असतो सुरुवातीला. शिवाय "प" म्हणजे अर्धा "प" अधिक एक उभी काठी, आणि कान्यालाही तीच काठी! कुठली काठी कान्याची आणि कुठली अक्षराची हे ठरवायचे नियम लिहिता लिहिता दोन वीकांत गेले.

पण मग एका संध्याकाळी पान उलगडलं आणि त्यात आमच्या मळ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या, आता बुजलेल्या विहिरीचं नाव होतं. दादाला फोनवर वाचून दाखवलं. तो म्हणाला, "हे नाव आजीच्या तोंडून ऐकलेलं, परत कधी ऐकलं नव्हतं." गावात साठीच्या आतल्या कुणालाही ते माहीत नाही. एका फाँटच्या पायी ते कायमचं गेलं असतं.

आता याच तालुक्यातली उलट बाजू. आळेफाट्याहून फार लांब नाही, खोडदला जीएमआरटी आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची, डॉ. गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली महाकाय रेडिओ दुर्बीण. २०१० ते २०१२ या काळात तिथून आकाशाची १५० मेगाहर्ट्झवर पाहणी केली गेली. त्या जपून ठेवलेल्या विद्यावर हुइब इंटेमा आणि सहकाऱ्यांनी नव्या पद्धतीने पुन्हा प्रक्रिया केली आणि २०१६ मध्ये सहा लाखांहून जास्त रेडिओ स्रोतांची यादी सगळ्यांसाठी खुली केली. पाहणी एकांनी केली, वापरली दुसऱ्यांनी, काही वर्षांनी, दुसऱ्याच देशांत बसून. हे जमलं याचं एक साधं कारण आहे. खगोलशास्त्रज्ञांनी १९८१ सालीच फिट्स नावाचा फाईलीचा एक नमुना प्रसिद्ध केला आणि जुनी फाईल कधीही मोडायची नाही असा कायदाच करून टाकला. नवीन गोष्टी घालायच्या त्या जुन्या वाचता येतील अशाच. दुर्बिणीचा स्वतःचा मूळ नमुना वेगळा आहे, पण बाहेर देताना विदा फिट्समध्ये देता येतो. म्हणजे चाळीसेक वर्षांपूर्वीच्या दूरच्या ताऱ्याची फाईल आज उघडते आणि गुरुजींच्या विहिरीची वीस वर्षांत उघडेनाशी झाली! तालुका एकच, फरक फक्त आधी बसून ठरवण्याचा.

मराठी जालाचंही शेवटी ठरलं. विंडोज २००० मध्ये देवनागरी आली, २००१ मध्ये एक्सपी आली. (एक्सपीत कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन एक टिक मारावी लागायची आणि मग ती विंडोजची सीडी मागायची. कॅफेवाल्याकडे सीडी असली तर शपथ.) मराठी विकिपीडिया मे २००३ मध्ये सुरू झाला. २००४ मध्ये मनोगत आलं, पहिल्यापासून युनिकोडमध्ये, आणि पानावरच मराठी टंकायची सोय घेऊन. माझ्या पिढीतल्या किती जणांनी मराठी टंकायला तिथे सुरुवात केली असेल! तेव्हा लोक हटकून म्हणायचे की युनिकोड जड आहे, एका अक्षराला तीन बाइट खातं. खरं आहे. पण दोन हजार शब्दांचा लेख त्या हिशेबानेही फार तर चाळीस किलोबाइट होतो. वरती टाकलेला सरपंचांचा सत्काराचा फोटो तीन मेगाबाइटचा असतो, त्याबद्दल कुणी बोलत नाही. जुन्या छप्पन्न केबीपीएसच्या मोडेमवर तो फोटो सात मिनिटं उतरला असता. आणे पठारावर एका दांडीच्या रेंजमध्ये उभं राहून तुमची वेबसाईट बघणाऱ्याचा अनुभव आजही त्याहून फार वेगळा नसतो. फोटो बारीक करून टाका. दादाला मी एवढं एकच तांत्रिक काम शिकवलं आणि ते त्याने मनावर घेतलं.

आता पानावर काय असावं याकडे. याचा उत्तम धडा वारणेचा आहे. १९९८ साली वारणानगरच्या साखर कारखान्याच्या परिसरात सत्तरेक गावांत "वायर्ड व्हिलेज" नावाचा सरकारी प्रकल्प झाला. गावोगावी कॉम्प्युटरची केंद्रं, शेतकऱ्याला बाजारभाव, हवामान, शेतीचा सल्ला, सगळं एका जागी. तेव्हा देशभर त्याचा गाजावाजा झाला. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधकांनी जाऊन बघितलं तर लोक त्या केंद्रांवर मुख्यतः एकाच कामासाठी येत होते: कारखान्याशी असलेला हिशेब. ऊस किती टन गेला, खत किती उचललं. मग त्यांनी सात गावांत कॉम्प्युटरच्या जागी साधा मोबाईल आणि एसएमएस ठेवून प्रयोग केला. तेवढ्यावर काम भागलं.

मला हा किस्सा फार आवडतो, कारण आपण इंजिनियर लोक नेमकं उलट करतो. आधी मेनू बनवतो: मुखपृष्ठ, आमच्याविषयी, छायाचित्रं, संपर्क. मग त्यात भरायला मजकूर शोधत हिंडतो. दादाला मी विचारलं, "गावातला माणूस तुला फोन करून सगळ्यात जास्त काय विचारतो?" उत्तर आलं तीन गोष्टींचं. आजचा भाव, पाण्याची पाळी, आणि यात्रा कधी आहे. झाली वेबसाईट! मोबाईलवर बोट न सरकवता या तीन गोष्टी दिसल्या पाहिजेत. गुरुजींचा इतिहास त्याच्याखाली, सावकाश वाचणाऱ्यासाठी.

भावाचं बोलतोय तर एक उदाहरण देतोच, कारण त्यात वेबसाईटचं निम्मं शास्त्र आलं. केंद्र सरकारचं अ‍ॅगमार्कनेट २००० साली सुरू झालं, राज्याच्या पणन मंडळाचीही भावांची यादी जालावर असते. तिथे "जुन्नर - आळेफाटा" असं आमचं नाव दिसतं तेव्हा बरं वाटतं. भाव असतो क्विंटलचा: किमान, कमाल, सर्वसाधारण. आणि आमच्याकडे लिलावात भाव बोलतात दहा किलोचा. लासलगावला क्विंटल, आळेफाट्याला दहा किलो, आणि नारायणगावला टोमॅटो वीस किलोच्या क्रेटवर. म्हणजे नुसता "१८०" असा आकडा पानावर टाकला तर नाशिककडचा माणूस घाबरेल आणि आमच्याकडचा सुखावेल. शिवाय कमाल भाव म्हणजे पुष्कळदा एखाद्याच दृष्ट लागेल अशा वक्कलाचा भाव असतो. बाकी सगळा माल, गोल्टी धरून, त्याच्या बराच खाली जातो. व्हॉट्सॅपवर फिरतो तो मात्र कमालच. तो बघून माणूस ट्रॅक्टर भरतो, भाड्याचे आणि हमालीचे पैसे घालतो आणि संध्याकाळी कपाळाला हात लावतो.

तेव्हा आकड्याशेजारी एकक, तारीख आणि कुठून घेतला ते. तारीख तर पानावर ठळक पाहिजे. "आजचा भाव" असं लिहून तीन आठवडे न बदललेलं पान हे पान नसल्यापेक्षा वाईट. रोज बदलायला माणूस नसेल तर सरळ "शेवटची नोंद अमुक तारखेची" असं लिहा, आणि मूळ यादीचा दुवा द्या. लोकांना शिळं चालतं, फसवलेलं चालत नाही.

दिसायला बारीक पण छळणारी एक भानगड राहिली. आमच्या या पानावर सगळ्यात जास्त वेळा येणारा शब्द "शेतकऱ्यांना". यातला चंद्रकोरीसारखा अर्धा र मराठीचं खास वैशिष्ट्य. तो युनिकोडमध्ये तीन तऱ्हांनी टंकता येतो. नुक्त्याचं स्वतंत्र "ऱ" अक्षर घेऊन. साधा "र" आणि नुक्ता वेगवेगळे घेऊन. किंवा साधा "र", हलन्त आणि त्यानंतर एक न दिसणारं जोडचिन्ह घालून. डोळ्यांना तिन्ही सारखे. यंत्राला तीन वेगळे शब्द! तुमच्या पानावर एका तऱ्हेने असेल आणि वाचकाचा कीबोर्ड दुसऱ्या तऱ्हेने टंकत असेल तर शोधाचं उत्तर: काही सापडलं नाही. युनिकोडचं प्रमाणीकरण चालवलं की पहिले दोन एक होतात, तिसरा होत नाही. तो स्वतः नियम लिहून बदलून घ्यावा लागतो. साठवतानाही आणि शोधतानाही. व्यापाऱ्यांना, दऱ्याखोऱ्या, सगळीकडे हीच रड. तसंच पानाच्या माथ्यावर भाषा मराठी आहे असं एचटीएमएलमध्ये नीट सांगा. न सांगितलं तर काही फाँट "ल" आणि "श" हिंदी वळणाचे दाखवतात आणि गावातले मास्तर चिडतात. आणि गावाचं नाव लोक शोधतील त्या सगळ्या तऱ्हांनी पानावर एकदा तरी येऊ द्या: आळेफाटा, आळे फाटा, आणि रोमन लिपीतली चारपाच स्पेलिंगं.

शेवटचा मुद्दा मालकीचा. गावोगावच्या वेबसाईटी फाँटने मेल्या त्याहून जास्त याने मेल्या असाव्यात असा माझा अंदाज आहे. कुणीतरी उत्साही भाचा डोमेन स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर घेतो. दोन वर्षांनी नोकरी बदलतो, अमेरिकेला जातो, नूतनीकरणाची आठवण जुन्या ईमेलवर येऊन पडते. एक दिवस गावच्या नावाच्या पत्त्यावर जुगाराची जाहिरात. फुकटातल्या जागेचंही तेच. जिओसिटीज ऑक्टोबर २००९ मध्ये बंद झालं तेव्हा कित्येक मराठी घरगुती पानं त्याबरोबर गेली. शेताचा सातबारा कुणाच्या नावावर आहे हे गावात लहान पोराला माहीत असतं, डोमेनचा कुणाच्या नावावर आहे ते सरपंचांनाही माहीत नसतं.

म्हणून आम्ही असं केलंय. डोमेन गावातल्या वाचनालयाच्या नावावर, माझ्या नाही. पैसे भरायची तारीख वाचनालयाच्या वहीत, वर्गणीच्या पानाशेजारी. परवलीचा शब्द बंद पाकिटात, कपाटात. सगळा मजकूर साध्या युनिकोड मजकुराच्या फाईलींत, दोन पेनड्राईव्हवर, एक वाचनालयात, एक दादाकडे. पत्ते छोटे आणि न बदलणारे ठेवलेत, विहिरींच्या पानाचा पत्ता नुसता "विहिरी". गुरुजींची सगळी पानं एकदा कागदावरही छापून बांधून घेतली आहेत. कागदाला फाँटची किल्ली लागत नाही.

परिवर्तकातून अजून साताठ पानं नीट निघत नाहीयेत. त्यांत गुरुजींनी बहुधा मध्येच दुसरा फाँट वापरलाय, शेतांच्या नावांच्या तक्त्यासाठी. कुणाकडे त्या काळातले जुने छपाईचे मराठी फाँट जपून ठेवलेले असतील तर त्यांची नावं जरूर कळवा. तक्ता मी जुळवतो.